डायरेक्ट-इनडायरेक्ट दर वेळी चुकते? टेन्सचा तक्ता जरा बाजूला ठेवा

इंग्रजीतलं डायरेक्ट-इनडायरेक्ट, म्हणजे कोणी बोललेलं वाक्य अवतरण चिन्ह काढून आपल्या तोंडानं सांगायचं, यात तक्रार एकच असते, पोट्टे फक्त बदलतात. टेन्सचा तक्ता तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील की प्रेझेंट परफेक्टचं पास्ट परफेक्ट होते, विलचं वुड होते, टुमॉरोचं द नेक्स्ट डे होते, आणि वही उघडली तर लिहिलेलं असते "ही सेड दॅट आय वॉज गोइंग टू द मार्केट", अन वरून म्हणतात का ॲमचं वॉज केलं ना, मग मार्क कायले कापला. आमच्या ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत बारावीवाले बसतात, तलाठी भरतीवाले बसतात (2023 च्या त्या पेपरात 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, 50 मार्कांचे, म्हणजे सोडून देण्यासारखा मामला नाही), वय वेगळं, पेपर वेगळा, पण या एका टॉपिकात सगळ्यांच्या चुका सारख्याच. म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकतो. लांब होईल, पण लागेल तेवढं वाचा.

पहिली गोष्ट, तक्ता चुकीचा नाही. तक्ता शेवटी वापरायचा असतो आणि आपण त्याच्यापासूनच सुरू करतो, दुखणं तिथं आहे.

आपण घरी दुसऱ्याचं बोलणं कसं सांगतो ते आठवा. बाबांचा फोन आला, "मी उद्या येतो, बैलायले पाणी दाखव." आई विचारते काय म्हनले? आपण सांगतो, "बाबा म्हनले का मी उद्या येतो, बैलायले पाणी दाखव." म्हणजे बाबांचं वाक्य उचललं, जसंच्या तसं ठेवलं, पुढं फक्त 'म्हनले का' लावलं, झालं. यातला 'मी' म्हणजे बाबा हे आईला बरोबर समजते, ती काही विचारत नाही की तू कुठून येतो रे. आपल्या बोलण्यात हे शंभर टक्के बरोबर आहे, यात गावंढळ वगैरे काही नाही. वर्तमानपत्रातली मराठी थोडी वेगळी, तिथं छापून येते "आपण राजीनामा देणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले". इथं 'मी'चं 'आपण' झालं, सर्वनाम हललं, पण 'देणार नाही' तसंच राहिलं, काळ काही मागं सरकला नाही. म्हणजे काळ मागं न्यायची सवय आपल्याला कुठंच नाही आणि सर्वनाम फिरवायची सवय फक्त पेपरवाल्यांना, आणि इंग्रजीला नेमकी हीच दोन्ही कामं पाहिजे असतात.

इंग्रजीत अवतरण चिन्ह काढलं आणि दॅट लावलं की तोंड तुमचं झालं. आता आय म्हणजे तुम्ही, बाबा नाही. "फादर सेड दॅट आय विल कम टुमॉरो" याचा अर्थ इंग्रजीवाला असा घेईल की बाबा म्हणाले, हा पोरगा उद्या येणार. बैल उपाशी आणि पाहुणा भलताच. म्हणून "फादर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे". जे बोललं ते बाबांच्या जागेवरून होतं, तुम्ही सांगता ते तुमच्या जागेवरून, तुमच्या वेळेवरून. सगळे नियम इथूनच निघतात, अन हे एकदा डोक्यात बसलं का अर्धे नियम पाठच करायची गरज पडत नाही.

आता कुठं कुठं बिघडते ते पाहू.

आय, यू, माय तसेच राहतात

सगळ्यात जास्त मार्क इथं जातात, टेन्समध्ये नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. इलाज साधा. वाक्य बदलायच्या आधी पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सर्वनामावर तो माणूस कोण ते लिहा. माय सिस्टर सेड टू मी, "आय हॅव लॉस्ट युवर नोटबुक." आयवर लिहा बहीण, युवरवर लिहा माझी. आता आपल्या तोंडानं सांगायचं आहे, बहीण म्हणजे शी, माझी म्हणजे माय. "माय सिस्टर टोल्ड मी दॅट शी हॅड लॉस्ट माय नोटबुक." हॅव लॉस्टचं हॅड लॉस्ट शेवटी केलं, त्याला वेळ लागतच नाही.

क्लासवाले एस-ओ-एन सांगतात, म्हणजे फर्स्ट पर्सन (आय, माय) सब्जेक्टप्रमाणे म्हणजे बोलणाऱ्याप्रमाणे, सेकंड पर्सन (यू, युवर) ऑब्जेक्टप्रमाणे म्हणजे ऐकणाऱ्याप्रमाणे, थर्ड पर्सनला (ही, शी) नो चेंज. फॉर्म्युला बरोबर आहे, पण ऑब्जेक्ट दिलाच नसला तर पोट्टे अडकतात. ही सेड, "यू आर लेट." आता यू कोण? दिलेलं नाही. मग ऑब्जेक्ट आपण घ्यायचा, "ही टोल्ड मी दॅट आय वॉज लेट", परीक्षेत हे चालते. यू तसंच ठेवून "ही सेड दॅट यू वेअर लेट" लिहिलं तर त्याचा अर्थ आता तुमचं वाक्य वाचणारा लेट होता असा होतो, म्हणजे पेपर तपासणारे सर लेट होते, आणि ते काय मार्क देतील सांगा.

कधी कधी सगळं नियमानं केलं तरी घोळ होते. भाऊ भावाला म्हणाला, "आय हॅव सोल्ड युवर बुलक." नियमानं झालं "ही टोल्ड हिज ब्रदर दॅट ही हॅड सोल्ड हिज बुलक." ग्रामर पक्कं, पण बैल कोणाचा गेला हे काही समजत नाही, यावरून भांडण लागेल. अशा वेळी इंग्रजीवाले सुद्धा नाव घालतात किंवा "हिज ब्रदर्स बुलक" लिहितात. तुम्ही पण घाला, कोणी मार्क कापत नाही.

सेड आणि टोल्ड

हे पटकन. सेडनंतर सरळ माणूस येत नाही, "सेड मी" कधीच नाही. टोल्डनंतर माणूस लागतेच, "टोल्ड दॅट" कधीच नाही, "टोल्ड टू मी" पण नाही. टोल्ड मी दॅट, नाहीतर सेड दॅट. एक्सप्लेनला मात्र टू लागते, "एक्सप्लेन्ड टू मी". इंटरव्ह्यूत आपले पोरं बोलतात "सर टोल्ड दॅट कम टुमॉरो", ते थेट "सर म्हणाले की उद्या ये" याच्यावरून आलेलं आहे, आणि त्याचा इलाज पुढं ऑर्डरच्या वाक्यात येते.

प्रश्न आला की गाडी घसरते

एसटीचा कंडक्टर विचारते, "व्हेअर आर यू गोइंग?" वहीत येते "द कंडक्टर आस्क्ड मी दॅट व्हेअर वॉज आय गोइंग?" पाहा, टेन्स बरोबर आहे, सर्वनाम बरोबर आहे, तरी तीन चुका. दॅट नको होतं, कारण व्हेअर स्वतःच जोडायचं काम करते. वॉज आय उलटं पडलं, आय वॉज पाहिजे. आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवलं, तिथं टिंब पाहिजे. "द कंडक्टर आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग." बस.

हे उलटं का पडते ते सांगतो. मराठीत "तू कुठं चालला" आणि "तू नागपूरला चालला", दोन्हीची चाल एकच, प्रश्न विचारायला शब्द फिरवावे लागत नाही, त्यामुळे परत सरळ करायचे असतात हे आपल्या लक्षातच येत नाही. इंग्रजी प्रश्नासाठी वाक्य उलटं करते. आणि तुम्ही आता प्रश्न विचारत नाही आहात, कंडक्टरनं विचारला होता एवढं सांगत आहात, म्हणून वाक्य परत सरळ होते आणि प्रश्नचिन्ह जाते. ज्याला हे कारण समजलं तो परत चुकत नाही, ज्यानं "इंटरॉगेटिव्हचं असर्टिव्ह करा" एवढंच घोकलं तो पेपरात घाबरला का विसरते.

डू, डज, डिड हे प्रश्नाकरताच आलेले असतात, प्रश्न संपला का त्यांना घरी पाठवा. "डू यू हॅव चेंज?" याचं "ही आस्क्ड मी इफ आय हॅड चेंज." "डिड यू बाय अ टिकेट?" याचं "ही आस्क्ड मी इफ आय हॅड बॉट अ टिकेट." इथं काही जण "इफ डिड आय बॉट" लिहितात, म्हणजे डिड पण ठेवलं आणि बॉट पण केलं, दोन्हीकडून गेलं. हो किंवा नाही असं उत्तर येणाऱ्या प्रश्नाला इफ किंवा व्हेदर, दोघांपैकी एक, दोन्ही एकदम नाही, आणि त्यांच्यासोबत दॅट तर अजिबात नाही. व्हॉट, व्हेअर, व्हाय, हाऊ असेल तर तेच जोडते, वेगळं काही आणायचं नाही.

एक फसवं वाक्य असते, "हू ब्रोक द विंडो?" इथं हू स्वतःच सब्जेक्ट आहे, म्हणजे वाक्य आधीपासून सरळच आहे, फिरवायला काही नाही. "सर आस्क्ड हू हॅड ब्रोकन द विंडो." हुशार पोट्टे इथं जास्त डोकं लावतात आणि बिघडवून ठेवतात.

ऑर्डर, विनंती, आणि तो टुमॉरो

ऑर्डरच्या वाक्यात दॅट नाही, टू येते, आणि नको म्हणायचं असलं तर नॉट टू. "सर टोल्ड मी टू कम द नेक्स्ट डे", हा झाला वरच्या इंटरव्ह्यूवाल्या वाक्याचा इलाज. प्लीज असेल तर प्लीज काढून रिक्वेस्टेड लावा. डोन्टचं "डिड नॉट" करू नका, ते फार दिसते, "ही टोल्ड मी दॅट डिड नॉट गो" असं काहीतरी. "ही टोल्ड मी नॉट टू गो."

आपल्याकडचं चांगलं उदाहरण पाहिजे असेल तर गाडगेबाबा घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 ला जन्मलेला माणूस, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत विचारत वऱ्हाडीत बोलायचे, दारू पिऊ नका, कर्ज काढू नका, देवापुढं बकरं कापू नका. "गाडगेबाबा टोल्ड पीपल नॉट टू ड्रिंक, नॉट टू बॉरो मनी अँड नॉट टू सॅक्रिफाइस ॲनिमल्स." यात एक गोष्ट पाहा. बाबांचे नेमके शब्द कोणते होते, कोणत्या गावच्या कीर्तनातले होते, ते आपण सांगितलंच नाही, आणि सांगायची गरजही नाही. इनडायरेक्टचा खरा उपयोग हाच आहे, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत पोचवायचं. पेपरात डायरेक्ट वाक्य समोर देतात म्हणून आपल्याला वाटते हा बदलाबदलीचा खेळ आहे, बाहेर कोणी डायरेक्ट वाक्य हातात देत नाही.

आता टुमॉरो. पोट्टे डोळे झाकून द नेक्स्ट डे करतात, पेपरात ते चालून जाते, पण समजून घ्या कशासाठी करतो, नाहीतर बोलताना फसता. समजा सोमवारी कृषी सहाय्यकानं गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज टाकला, "उद्या पाऊस आहे, उद्या फवारणी करू नका." मंगळवारी संध्याकाळी कोणीतरी तो तसाच पुढं ढकलला. बुधवारी सकाळी एकानं वावरात ऐकला, औषध कालवून झालं होतं, पंप पाठीवर घ्यायचा बाकी होता, त्यानं ऐकलं "उद्या फवारणी करू नका" आणि म्हणाला उद्या नाही ना, आज तर करतो. आणि दुसरा एक असा निघाला की त्यानं बुधवारी ऐकून गुरुवारची मजुरीवाली माणसं परत पाठवली. दोघांची चूक नाही, मेसेजमधला उद्या हा सोमवारचा उद्या होता आणि यांनी बुधवारचा धरला. इंग्रजी हीच गडबड होऊ नये म्हणून शब्द बदलते. "ऑन मंडे द ऑफिसर टोल्ड द फार्मर्स नॉट टू स्प्रे द नेक्स्ट डे." आता कोणी कधी पण वाचा, मंगळवारच निघतो.

पण सोमवारीच तुम्ही शेजाऱ्याला सांगत असाल तर "नॉट टू स्प्रे टुमॉरो" एकदम बरोबर आहे, कारण उद्या अजून उद्याच आहे. मंगळवारी सकाळी सांगत असाल तर चक्क "नॉट टू स्प्रे टुडे". हिअरचं देअर, नाऊचं देन, यस्टरडेचं द डे बिफोर, अगोचं बिफोर, या सगळ्यांचं कारण हेच, जागा आणि वेळ सुटली म्हणून शब्द सुटला. नाही सुटली तर शब्द राहू द्या. परीक्षेत मात्र वेगळं काही सांगितलं नसेल तर बदलूनच लिहा, तिथं वाद घालायला कोणी बसलेलं नसते.

आता काढा तक्ता

आणि काढल्यावर आधी रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे अवतरणाबाहेरचं 'म्हणाला'वालं क्रियापद पाहा. सेज, टेल्स, विल से असं काही असेल तर टेन्स हलत नाही. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र म्हणते पाऊस येईल, "द वेदर ऑफिस सेज दॅट इट विल रेन." विलचं वुड करायला हात शिवशिवतात, करू नका. सर्वनाम मात्र तरी पण फिरते, "ही सेज, आय ॲम इल" चं "ही सेज दॅट ही इज इल", हे विसरतात.

सेड असलं तरी काही वाक्यं हलत नाहीत. कायम खरी गोष्ट, "सर सेड दॅट द अर्थ गोज राउंड द सन", वेंट केलं तर पृथ्वी थांबल्यासारखं वाटते. इतिहासातली घटना, "सर सेड दॅट डॉक्टर आंबेडकर एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन नागपूर इन 1956." तारीख ठरलेली आहे, ती आणखी मागं नेऊन काय करता, इथं हॅड लावायची गरज नाही. तसंच नुसत्या कल्पनेचं वाक्य, "इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर", यात फक्त आयचं ही होते, बाकी तसंच, कारण हॅड इथं भूतकाळाचा नाहीच, पैसा तेव्हाही नव्हता आणि ट्रॅक्टर अजूनही घेतला नाही. वुड, कुड, माइट, शुड, यूज्ड टू, आणि आधीपासून पास्ट परफेक्टमध्ये असलेलं, यांना हात लावू नका, यांच्या मागं जायला जागाच नाही.

मस्टवर नेहमी भांडण होते. करावंच लागेल या अर्थाचा असला तर हॅड टू होते, "ही सेड दॅट ही हॅड टू गो." नक्कीच असेल असा अंदाज असला तर मस्टच राहते, "शी सेड दॅट ही मस्ट बी टायर्ड." मस्ट नॉटही तसंच राहते.

साध्या पास्टचं पास्ट परफेक्ट करायचं हा नियम पेपरात पाळा. बोलताना इंग्रजीवाले स्वतः "ही सेड ही वेंट टू अकोला" असं सरळ म्हणतात, अर्थ लागत असला तर कोणी हॅडच्या मागं लागत नाही. यूट्यूबवर पाहून कोणी म्हणालं का सर, त्यायनं तर बदललं नाही, तर बदललेलं आणि न बदललेलं दोन्ही बरोबर आहे, फरक पेपर आणि बोलण्याचा आहे.

उद्गारवाचक वाक्यांवर जास्त लिहीत नाही. हुर्रे असलं तर एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट, अलास असलं तर विथ सॉरो, व्हॉट अ नाइस फील्डचं इट वॉज अ व्हेरी नाइस फील्ड. मॅच जिंकल्यावर हुर्रे म्हणणारा माणूस मी आपल्या तालुक्यात पाहिला नाही, पण गाईडमध्ये तो जिवंत आहे. लेट्स मात्र कामाचं आहे, तिथं सजेस्टेड येते आणि त्याच्यापुढं टू चालत नाही, "ही सजेस्टेड गोइंग बाय बस" किंवा "ही सजेस्टेड दॅट दे शुड गो बाय बस". "सजेस्टेड मी टू गो" हे इतकं ऐकू येते की बरोबर वाटायला लागलं आहे, पण चूकच आहे.

चार ऑप्शन समोर असतात तेव्हा

भरतीवाल्यांनी टेन्सपासून पाहू नये, कारण ऑप्शन काढणारा टेन्स मुद्दाम चारही ठिकाणी जवळजवळ सारखा ठेवते. समजा वाक्य आहे शी सेड टू मी, "डिड यू सी माय बॅग हिअर यस्टरडे?" पहिल्या नजरेत आस्क्डच्या पुढं दॅट असलेला ऑप्शन खोडा. दुसऱ्या नजरेत डिड आय असं उलटं असलेला खोडा. बहुतेक वेळा दोनच उरतात आणि त्या दोघांत एकीकडं माय बॅग, एकीकडं हर बॅग असते. बॅग कोणाची? तिची. "शी आस्क्ड मी इफ आय हॅड सीन हर बॅग देअर द डे बिफोर." टेन्सकडं पाहिलंच नाही आणि उत्तर निघालं.

बारावीवाल्यांना मात्र पूर्ण लिहावं लागते आणि कधी कधी एकाच बोलण्यात प्रश्न, सांगणं, ऑर्डर तिन्ही मिसळून येते. तेव्हा एका सेडमध्ये सगळं कोंबू नका, प्रत्येकाला त्याचं त्याचं क्रियापद द्या. मदर सेड टू मी, "व्हेअर हॅव यू बीन? आय वेटेड फॉर यू हिअर. डोन्ट गो आउट टुमॉरो." प्रश्नाला आस्क्ड, सांगण्याला सेड, ऑर्डरला टोल्ड. "मदर आस्क्ड मी व्हेअर आय हॅड बीन. शी सेड दॅट शी हॅड वेटेड फॉर मी देअर अँड टोल्ड मी नॉट टू गो आउट द नेक्स्ट डे." त्याच घरात बसून सांगत असाल तर देअरच्या जागी हिअर पण चालते, पण पेपर काही घरात बसून लिहायचा नाही, म्हणून देअर लिहा.